जुलाबात नुसतं पाणी का पुरत नाही? ओआरएसमागचं आतड्याचं गणित

ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणानं, आदेश काढला की जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या कुठल्याही पेयाच्या नावात 'ओआरएस' ही अक्षरं वापरता येणार नाहीत. ओआरएस म्हणजे जुलाबात पाजायचं ग्लुकोज आणि क्षारांचं पाणी. तोवर डब्यावर एक खुलासा छापला की ते नाव वापरायची मुभा होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष पेयांच्या अशा नावांविरुद्ध आठेक वर्षं भांडत होत्या. जुलाब झालेल्या मुलांना आईवडील औषध समजून गोड पेय पाजत होते आणि मुलं आणखी सुकून दवाखान्यात येत होती, ही त्यांची तक्रार.

बातमी आल्यावर बऱ्याच जणांना पडलेला प्रश्न साधा होता. साखर थोडी जास्त असली तर एवढं काय बिघडलं? आजारी पोराला उलट ताकदच मिळेल ना?

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर हवं असेल तर आतडं पाणी नेमकं कसं शोषतं हे पाहावं लागतं. पचनसंस्थेचं हे काम शाळेत फार थोडक्यात उरकलं जातं. लाळ, जठररस, पित्त यांची नावं पाठ होतात, पण या सगळ्या रसांचं पुढे काय होतं हे कुणी सांगत नाही.

रोज नऊ लिटर पाणी

आपण दिवसभरात पाणी, चहा, आमटी, ताक असं सगळं धरून साधारण दोन लिटर द्रव घेतो. आतड्यात मात्र रोज नऊ लिटरच्या आसपास द्रव उतरतो. उरलेले सात लिटर शरीर स्वतःच ओततं. लाळ एक ते दीड लिटर, जठरातला आम्लरस दोन लिटर, स्वादुपिंडाचा रस दीड लिटर, यकृतातून येणारं पित्त अर्धा ते एक लिटर आणि शिवाय आतड्याच्या अस्तरातून पाझरणारा रस. हे सगळं पाणी रक्तातूनच येतं.

एवढं पाणी लागतं कशाला? पचन म्हणजे मोठे रेणू कापून लहान करणं. भाकरीतलं पीठसत्त्व ही ग्लुकोजची लांबलचक साखळी असते, डाळीतलं प्रथिन ही अमिनो आम्लांची. यातली प्रत्येक कडी तोडताना पाण्याचा एक रेणू खर्ची पडतो. शिवाय कापणारी विकरं, म्हणजे पाचक रसांतले एन्झाइम, पातळ द्रावातच काम करू शकतात. कोरड्या घासावर त्यांचं काही चालत नाही.

या नऊ लिटरपैकी शौचावाटे बाहेर जातं फक्त शंभर ते दोनशे मिलिलिटर. बाकीचं परत रक्तात. सात-साडेसात लिटर लहान आतडं ओढून घेतं, उरलेल्यातलं बरंचसं मोठं आतडं. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला सूक्ष्म अंकुर असतात आणि त्या अंकुरांवर आणखी सूक्ष्म अंकुर. २०१४ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी हे क्षेत्रफळ नव्यानं मोजलं, ते भरलं सुमारे तीस चौरस मीटर, म्हणजे सव्वातीनशे चौरस फूट. 'टेनिस कोर्टाएवढं आतडं' हे जुनं वाक्य अजून पुस्तकांत सापडतं, पण नवा आकडा बराच लहान आहे. तरीही तो पुरेसा आहे, कारण या सव्वातीनशे चौरस फुटांवर दिवसरात्र पाण्याची देवघेव चालू असते.

जुलाब म्हणजे या हिशेबात पडलेली तूट. रोगजंतू बाहेरून पाणी आणत नाहीत. आपल्याच रक्तातलं पाणी आतड्यात येतं आणि परत जात नाही.

पाण्याला स्वतःचा पंप नाही

आता मुख्य अडचण. आतड्याच्या पेशींकडे सोडियम आत ओढायची सोय आहे, साखर ओढायची आहे, अमिनो आम्लं ओढायची आहे. पाणी ओढणारा पंप मात्र शरीरात कुठेच नाही. पाणी नेहमी कुणाच्या तरी मागून जातं.

काकडीची कोशिंबीर करताना मीठ आधीच घातलं की थोड्या वेळात भांड्याच्या तळाशी पाणी साचतं, हे प्रत्येक स्वयंपाकघरात दिसतं. काकडीला कुणी पिळलेलं नसतं. बाहेर मीठ जास्त झालं म्हणून आतलं पाणी तिकडे सरकलं. जिकडे विरघळलेले कण जास्त, तिकडे पाणी जातं. याला परासरण म्हणतात. आतड्यातही हाच नियम चालतो. आतड्याच्या पोकळीतून मीठ, नेमकं सांगायचं तर त्यातलं सोडियम, पेशीपलीकडे गेलं की पाणी त्याच्यामागे जातं. सोडियम गेलं नाही तर पाणीही जागेवरच राहतं.

म्हणून जुलाबात तांब्याभर नुसतं पाणी प्यायलं तर त्यातलं बरंचसं तसंच खाली निघून जातं. जे शोषलं जातं ते रक्तातलं मीठ आणखी पातळ करतं, आणि लहान मुलांत त्यामुळे झटकेही येऊ शकतात.

मग मिठाचं पाणी द्यावं? तेवढ्यानंही भागत नाही.

दोन चाव्यांचं दार

आतड्याच्या पेशीवर सोडियमसाठी बरीच दारं आहेत. त्यातलं एक वेगळं आहे. ते बँकेच्या लॉकरसारखं चालतं. तिथे तुमची चावी आणि बँकेची चावी अशा दोन्ही लागल्याशिवाय लॉकर उघडत नाही. इथे एक चावी सोडियमची, दुसरी ग्लुकोजची. दोन्ही एकदम लागल्या की दार फिरतं आणि दोघांना बरोबरच आत घेतं, एका ग्लुकोजमागे सोडियमचे दोन कण. नुसतं मीठ आलं तर दार बंद, नुसती साखर आली तरी बंद.

सोडियम पेशीत आलं की पेशीच्या मागच्या बाजूचा पंप ते रक्ताकडे ढकलतो. त्यामुळे पेशीत सोडियम कायम कमी राहतं आणि पुढच्या जोडीला आत यायची ओढ टिकते. त्यांच्यापाठोपाठ पाणी. रॉबर्ट क्रेन या अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञानं १९६० मध्ये प्राग इथल्या परिषदेत ही कल्पना पहिल्यांदा मांडली. तेव्हा प्रश्न एवढाच होता की आतडं साखर कशी शोषतं. यातून काही वर्षांत लाखो जीव वाचतील असं त्या सभागृहात कुणाच्या मनात आलं असेल असं मला वाटत नाही.

पटकीत काय बिघडतं आणि काय शाबूत राहतं

कॉलऱ्याला आपल्याकडे पटकी म्हणायचे. तिची दहशत एवढी की मरीआईचा कोप म्हणून गावं तिला शरण जात. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळपर्यंत जात असे. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकात्यात हा जंतू वेगळा केला. पण तो मारतो कसा, हे त्यानंतर पंचाहत्तर वर्षं नीट उलगडलं नव्हतं. ते उलगडलं शंभुनाथ डे यांनी, तेही कोलकात्यातच. सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून त्यात जंतू सोडले की तो पाण्यानं टम्म फुगतो, हे त्यांनी दाखवलं. पुढे १९५९ मध्ये त्यांनी सिद्ध केलं की जंतू काढून टाकून नुसता त्याचा गाळलेला द्राव घातला तरी तेच होतं. म्हणजे काम जंतूच्या विषाचं होतं. डे यांना नोबेल मिळालं नाही, आणि आपल्याकडच्या शालेय पुस्तकांतही त्यांचं नाव क्वचितच दिसतं, याची मला खंत वाटते.

हे विष आतड्याच्या पेशीतलं एक बटण दाबून ठेवतं, आणि ते सुटता सुटत नाही. पेशी क्लोराइड बाहेर फेकत राहते, त्यामागून सोडियम जातं, त्यामागून पाणी. पटकीच्या जोरात तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. सोडियम आत घेणारी नेहमीची दारंही हे विष बंद पाडतं.

पण दोन चाव्यांच्या दाराला ते हात लावत नाही. नळ फुटून पाणी वाहत असतानाही हे एक दार चालू असतं. त्यातून गमावल्यापेक्षा जास्त पाणी आत घालता आलं तर माणूस तगतो आणि चार-पाच दिवसांत आतड्याचं अस्तर स्वतःच बदलून नवं होतं. ओआरएसची सगळी मदार या एका दारावर आहे.

बनगाव, १९७१

हे पुस्तकात मांडणं वेगळं आणि मरणाऱ्या माणसावर करून दाखवणं वेगळं. कोलकात्यात हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी १९५३ मध्येच पटकीच्या सौम्य रुग्णांना तोंडानं द्रव देऊन बरं केल्याचं लिहिलं होतं. १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी मोजमापासह दाखवलं की ग्लुकोज आणि मिठाचं पाणी पाजून सलाईनची गरज खूप कमी करता येते. तरीही हे सगळं हॉस्पिटलात, डॉक्टरांच्या नजरेखाली घडलेलं होतं.

१९७१ मध्ये बांगलादेश युद्धातले लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि सीमेलगत बनगावात पटकी उसळली. तिथल्या रुग्णालयात पटकीच्या रुग्णांसाठी दोन खोल्या आणि सोळा खाटा होत्या. माणसं जमिनीवर पडलेली. सलाईनची सुई लावायची तर डॉक्टरांना विष्ठा आणि ओकारीत गुडघे टेकून बसावं लागे. थोड्याच दिवसांत सलाईनचा साठाही संपत आला.

तिथले डॉक्टर दिलीप महालनबिस यांनी मग एक निर्णय घेतला. लिटरमागे बावीस ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. कोलकात्यात हे मिश्रण तोलून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरलं, पिशव्या गरम इस्त्रीनं चिकटवून बंद केल्या आणि बनगावला पाठवल्या. तिथे मोठ्या पिंपात पाणी भरून त्यात पावडर मिसळायची आणि पिंपाला तोटी. रुग्णाचा भाऊ, आई, शेजारी जो कुणी सोबत असेल त्यानं पेल्यात घ्यायचं आणि पाजत राहायचं. लिटरचा खर्च अकरा पैसे.

आधी तिथे शंभरातले तीस जण दगावत होते. हे सुरू झाल्यावर ते प्रमाण चारच्याही खाली आलं. नर्स नव्हती, सुई नव्हती, तरी घरच्या माणसांनी हे करून दाखवलं. १९७८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं हा शोध विसाव्या शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध असल्याचं लिहिलं. महालनबिस २०२२ मध्ये गेले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

मग साखर जास्त झाली तर काय बिघडतं?

आता मूळ प्रश्नाकडे. आजचं सूत्र असं आहे: एक लिटर पाण्यात ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. सोडियम आणि ग्लुकोजच्या कणांची संख्या यात अगदी सारखी ठेवली आहे. आणि सगळा द्राव रक्तापेक्षा थोडा पातळ आहे. पातळ असल्यामुळेच पाणी आतड्याकडून रक्ताकडे सरकतं.

डबाबंद फळांच्या पेयांत किंवा कोल्यात लिटरमागे साधारण शंभर ग्रॅम साखर असते. आतड्यात या साखरेच्या प्रत्येक रेणूचे दोन तुकडे होतात, एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज. हिशेब केला तर तो द्राव रक्ताच्या जवळपास दुप्पट घट्ट होतो. दाराला सोडियमची चावी मिळत नाही, कारण असल्या पेयात मीठ नावालाच असतं. न शोषलेली साखर आतड्यात पडून राहते आणि पाणी उलट्या दिशेनं, रक्तातून आतड्याकडे, खेचते. जुलाब वाढतात. काकडीच्या कोशिंबिरीतला नियमच इथे मुलाच्या जिवावर उठतो.

हे प्रमाण किती नाजूक आहे ते बघा. खुद्द ओआरएसचं जुनं सूत्रसुद्धा जरा घट्ट होतं. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं त्यातलं ग्लुकोज आणि मीठ दोन्ही कमी केलं. त्यानंतर मुलांचे जुलाब आणि उलट्या आणखी कमी झाल्या आणि सलाईन लावायची वेळही कमी येऊ लागली. एवढ्याशा फरकानं परिणाम बदलतो, तिथे सातपट साखरेचं काय बोलायचं! म्हणूनच हा आदेश मला फार आधी यायला हवा होता असं वाटतं.

'पण ओआरएस देऊनही जुलाब थांबत नाहीत'

थांबणारही नाहीत, निदान लगेच नाही. ओआरएस जुलाबाचं औषध नाही. गेलेलं पाणी आणि मीठ भरून काढणं एवढंच त्याचं काम. लहान मुलांचे बहुतेक जुलाब विषाणूंमुळे होतात आणि काही दिवसांत आपोआप थांबतात. तेवढे दिवस मूल सुकू द्यायचं नाही. जुलाबाचा काळ आणि जोर कमी करायला झिंक मदत करतं. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, चौदा दिवस. आशाताई ओआरएसच्या पाकिटाबरोबर याच गोळ्या देतात. जुलाब थांबले म्हणून तिसऱ्या दिवशी गोळ्या बंद करू नयेत.

'पाजलं की ओकतोय, मग द्यायचं कसं?'

उलटी झाली की दहा मिनिटं थांबायचं, मग चमच्यानं सुरू करायचं. दर मिनिटाला एक छोटा चमचा, म्हणजे पाच मिलिलिटर. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण तासाला तीनशे मिलिलिटर होतात. तहानलेलं मूल पेला हिसकावून घटाघटा पितं, जठर एकदम ताणलं जातं आणि सगळं बाहेर येतं. जठराचा स्वभाव थोडंथोडं पुढे सोडायचा आहे, त्याच्या वेगानं दिलं तर बहुतेकांच्या पोटात राहतं. याला चिकाटी लागते. रात्री दोन वाजता मांडीवर पोर घेऊन चमचा-चमचा पाजणारी आई करते ते पूर्ण अर्थानं उपचारच असतात.

'त्यापेक्षा एक सलाईन लावली की लगेच तरतरी येते'

येते, कारण पाणी थेट रक्तात जातं. माणूस बेशुद्ध असेल, पिऊ शकत नसेल किंवा फारच सुकला असेल तर सलाईनला पर्याय नाही. पण पाचशे मिलिलिटरच्या साध्या सलाईनच्या बाटलीत असतं पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ, बस. जुलाबात जाणारं पोटॅशियम त्यात नसतं, ओआरएसमध्ये असतं. पिऊ शकणाऱ्या माणसाला सुई टोचून घ्यायचं कारण नाही.

'आतड्याला विश्रांती' म्हणून जेवण बंद करणंही चूक आहे. आतड्याच्या अस्तराच्या पेशी समोरून जाणाऱ्या अन्नातूनही स्वतःचं पोषण घेतात. उपाशी ठेवलं तर अस्तर भरून यायला वेळ लागतो. मऊ वरणभात, खिचडी, दही, केळं चालू ठेवावं. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध तर अजिबात तोडू नये.

घरात पाकीट नसेल तर

एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. साखर साधारण पंचवीस ग्रॅम भरते, म्हणजे पाकिटातल्या ग्लुकोजच्या जवळजवळ दुप्पट. आपल्या साखरेचा निम्माच भाग ग्लुकोज असतो, म्हणून ती दुप्पट घ्यावी लागते. चव अश्रूंइतपत खारट असावी, त्याहून जास्त खारट झालं तर ओतून नवीन करावं. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेनं १९८० पासून दहा वर्षं दारोदार कार्यकर्त्या पाठवून आयांना मीठ, गूळ आणि पाणी यांचं प्रमाण शिकवलं: तीन बोटांची चिमूट मीठ आणि मूठभर गूळ. सव्वा कोटीच्या आसपास घरांपर्यंत त्या पोचल्या.

मीठ घातलेली तांदळाची पेजही चांगली. भातातलं पीठसत्त्व आतड्यात हळूहळू तुटतं आणि ग्लुकोज थोडंथोडं मिळत राहतं, द्राव एकदम घट्ट होत नाही. आजीची पेज शास्त्राला धरून होती. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर, पण सोडियम कमी, त्यामुळे ते ओआरएसच्या जागी चालत नाही. नुसती ग्लुकोज पावडर तर एकच चावी.

पाकीट वापरताना

दुकानात मागताना पाकिटावरचे घटक वाचा. वर दिलेले चार आकडे लिटरच्या हिशेबानं जुळले पाहिजेत. मोठं पाकीट साधारण एकवीस ग्रॅमचं असतं आणि ते पूर्णच्या पूर्ण एक लिटरमध्ये घालायचं. लहान, चार ग्रॅमच्या आसपासचं पाकीट दोनशे मिलिलिटरसाठी. मोठ्या पाकिटातली दोन चमचे पावडर पेल्यात टाकून बाकी ठेवून देणं ही सर्रास होणारी चूक. त्यामुळे द्राव कधी फार घट्ट होतो, कधी फार पातळ. वरून साखर घालू नका, दुधात किंवा सरबतात मिसळू नका. केलेलं चोवीस तासांत संपवा, उरलं तर टाकून द्या.

दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर पन्नास ते शंभर मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला शंभर ते दोनशे, मोठ्यांना हवं तेवढं. मधुमेह असला तरी जुलाबात ओआरएस घेता येतं, लिटरमागे साखर १३.५ ग्रॅमच आहे. फक्त रक्तातली साखर तपासत राहावी. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

आणि घरी पाजत बसायचं नाही अशीही वेळ असते. मूल पेंगुळलेलं किंवा बेशुद्ध, डोळे खोल गेलेले, तान्ह्याची टाळू आत ओढलेली, सहा-आठ तास लघवी नाही, पोटावरच्या कातडीला चिमटा काढून सोडल्यावर ती परत जायला दोन सेकंदांहून जास्त लागतात, काहीच प्यायला मागत नाही, यातलं काही दिसलं तर वाटेत चमच्यानं पाजत तडक दवाखाना गाठावा. शौचातून रक्त पडत असेल तरीही. तो जुलाब वेगळा, त्याला बहुतेकदा प्रतिजैविक लागतं आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचं.